दिग्रसला हायड्रोजनची परीक्षा घ्यायला गेले तेव्हा

यवतमाळहून परतल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" आमच्या चिंचवडच्या सोसायटीत कुणी चार दिवस बाहेर जाऊन आलं की आधी फोटो मागतात. मी फोटो काढलेच नाहीत. सांगण्यासारखं मात्र आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गोड काही वाचायला मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका.

मी गॅसच्या सुरक्षिततेची शिक्षिका. कारखान्यांतल्या पोरांवर ओरडण्यात माझी हयात गेली आणि त्या ओरडण्यामुळे त्यांची बोटं शाबूत राहिली, असं मी स्वतःचं समाधान करून घेते. निवृत्तीनंतर आता परीक्षक म्हणून बोलावतात. दिग्रसला कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये हरित हायड्रोजनचं प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. सूर्याच्या विजेवर पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा आणि खतापासून पोलादापर्यंत जिथे कोळसा नि तेल जळतं तिथे तो वापरायचा, असा हा मामला. मोठा प्रकल्प तिथल्याच माळावर येणार, त्याला लागणारी माणसं आधीच तयार असावीत, म्हणून केंद्र. पहिल्या बॅचची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला मी निघाले होते.

नेर

बडनेऱ्याला गाडीतून उतरून यवतमाळची एस.टी. धरली. ती नेरच्या अलीकडे बंद पडली. आमच्याकडे बस बंद पडली की पहिल्या मिनिटाला कंडक्टरचा उद्धार सुरू होतो. इथे लोक निवांत उतरले, सावली बघून बसले आणि कुणीतरी बिडी पेटवली. उद्धार करणारी मी एकटीच निघाले. शेजारच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून भाकरी नि ठेचा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घ्या जी, रिकाम्या पोटी कायले डोकं तापवता?" त्या म्हणाल्या. "कोनाकडं चाल्ल्या?"

पुण्याहून दिग्रसच्या हायड्रोजन केंद्रावर निघालेय, असं मी सांगितलं. मला वाटलं, हायड्रोजन म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागणार. तर बाई म्हणतात, "ते पान्यातून गॅस काढनारं नं? आमच्या दिराचा पोरगा शिकून राह्यला तिथं. आता पुन्याले नाई जा लागत म्हन्ते, घरून डबा घेऊन जाईन कामाले." आणि मग माझ्याकडे बघून हसल्या, "तुमच्या पुन्याचं काई नाई जी, पन पोरगा तिकडं गेला का वापस येतच नाई."

ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंना वाटलं, त्यांचं बोलणं मला लागलं. त्यांनी घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली.

यवतमाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे. पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात, वर कच्चा कांदा. आम्ही पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरवून लिंबाची फोड देतो, ते इथे आजाऱ्याचं खाणं ठरेल. मी दोन प्लेटा खाल्ल्या आणि ज्या बैठकीसाठी थांबले होते तिथे जाऊन बसले.

बैठक हरित हायड्रोजनच्या प्रादेशिक धोरणावर होती. पडद्यावर नकाशे, बाण, पवनचक्क्या. सवलती, गुंतवणूक, कौशल्यविकास, हे शब्द इतक्या वेळा आले की शेवटी मला डुलकी लागली. जाग आली ती एका वाक्याने. व्यासपीठावरचे गृहस्थ सांगत होते की गुंतवणूकदारांनी फेरविचार केला आहे. तयार माल जहाजाने बाहेर पाठवायचा, तर बंदराजवळच कारखाना टाकणं परवडतं. दिग्रसचा माळ 'पुढच्या टप्प्यात' पाहू.

मी हात वर केला. विचारलं, "आणि जी पोरं शिकून तयार झाली आहेत ती?"

गृहस्थ प्रसन्न हसले. "उलट आनंदाची गोष्ट आहे मॅडम. जे पास होतील त्या सगळ्यांना कंपनी समुद्रकाठच्या प्रकल्पात घेणार आहे. प्रशिक्षणाचं चीज झालं!"

टाळ्या पडल्या. मला नेरची ती बाई आठवली. बोलणं चुकीचं होतं असंही नाही. बंदराजवळ परवडत असेल. पोरांना पगारही चांगला मिळेल. त्यांना कुणी फसवलं, असं म्हणायलाही तोंड नाही. चहा न घेताच मी बाहेर पडले.

आर्णीमार्गे दिग्रसच्या बसमध्ये खिडकी मिळाली. तुरीची सोंगणी झालेली, जागोजाग ढीग. कापसाची शेवटची वेचणी उरकून वाळलेल्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या. मधल्या टेकड्यांवर पळस नुकता फुलायला लागला होता. एरवी मी खूश झाले असते.

दिग्रस

केंद्राचे प्रमुख राठोड सर मोटरसायकल घेऊन स्टँडवर हजर. मूळचे तांड्यावरचे, बोलणं मऊ, पण माणूस हट्टी. हे केंद्र दिग्रसला यावं म्हणून ते मुंबईत किती दारांत उभे राहिले होते, ते मी पूर्वीपासून ऐकून होते.

"बैठकीतलं कळलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"कळलं नं मॅडम. पोरांलेही कळलं." किक मारता मारता ते थांबले. "पोरं इथंच राह्यली पाह्यजे म्हणून मी हे सेंटर आणलं. आता मीच त्यायले गाडीत बसवून देणार. बसा तुम्ही, पाय सांभाळा."

शेडमध्ये अजून कापसाचा वास होता. एका कोपऱ्यात पाणी फोडणारं यंत्र, नळ्या, टाक्या. पोरं-पोरी ओळीने उभी राहिली आणि मला एक गोष्ट दाखवायची म्हणून राठोड सरांनी एकीला पुढे बोलावलं. नसरीन तिचं नाव. सडपातळ, कपाळाला आठी, ओढणी पाठीमागे घट्ट बांधलेली. पाहताच मला ती आवडली, कारण ती माझ्याकडे बघून हसली नाही.

हायड्रोजन जळतो तेव्हा दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. समोर आग असते आणि माणूस सरळ तिच्यात चालत जातो. म्हणून जुन्या लोकांची साधी रीत आहे, हातात झाडू पुढे धरून चालायचं. झाडू पेटला की समजायचं, आग इथे आहे. आता उपकरणं आली आहेत, पण मी अजूनही ही रीत शिकवते, कारण उपकरणाची बॅटरी संपते. दिग्रसला मात्र पोरं झाडूला हात लावेनात. झाडू म्हणजे लक्ष्मी, दिवाळीला तिची पूजा करायची, आणि तिला जाळायचं? मुसलमान पोरांची काही हरकत नव्हती, पण दोस्तांना वाईट वाटतं म्हणून तीही अडून बसली. शेवटी त्यांनीच तोड काढली. वाळलेली पऱ्हाटी घ्यायची, टोकाला कापूस गुंडाळायचा.

राठोड सरांनी नळीवर एका जागी मुद्दाम थोडा गॅस सोडून पेटवला होता. नसरीनने तशी काडी उचलली, हात लांब धरला आणि नळीच्या कडेने पाऊल पाऊल सरकत गेली. मला समोर काहीच दिसत नव्हतं. एका ठिकाणी कापूस भप्कन पेटला. तिने काडी वाळूत खुपसली, मागे न पाहता झडप बंद केली आणि मग म्हणाली, "आग इथं होती." इतकं नीटनेटकं काम मी भल्या भल्या कंपन्यांत पाहिलेलं नाही. मी तिला शाबास म्हटलं. हे मी सहसा कुणाला म्हणत नाही.

केंद्राला खाणावळ नव्हती. बाहेरून आलेल्या माणसाला रोज एकेका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला न्यायचं अशी तिथली पद्धत. मी कडाडले. परीक्षकाने परीक्षार्थीच्या घरी जेवायचं म्हणजे काय! राठोड सर शांतपणे म्हणाले, "मग उपाशी राहा लागन मॅडम. हॉटेलात जेवल्या तर गावची इज्जत जाते." आज पाळी होती नसरीनच्या घरची.

घर आणि वर्कशॉप एकच. पुढे वेल्डिंगचं दुकान, मागे दोन खोल्या. तिचे वडील हमीदभाई, जिनिंगच्या मशिनरीचे जुने वेल्डर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाप-लेक दोघंच.

"आमच्या घरचं खाता नं मॅडम?" त्यांनी दारातच विचारलं.

"शिळं सोडून सगळं खाते," मी म्हटलं. ते मोठ्याने हसले. हसताना ते माझ्याकडे बघत होते, पण थोडं बाजूला. मग माझ्या लक्षात आलं, त्यांना नीट दिसत नव्हतं. पाण्याचा पेला पुढे करताना नसरीनने त्यांच्या बोटांना आधी पेल्याचा स्पर्श करून दिला.

दालचा-चावल होता, ज्वारीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत. दालच्यात दुधी असतो आणि मटणही, आणि आंबटपणा चिंचेचा. आमच्याकडे पाहुण्याला एकदा आग्रह करतात, नको म्हटलं की सोडून देतात. इथे नको म्हणायची सोयच नाही. नसरीन आत भांडी आवरायला गेली तसे हमीदभाई उठले आणि चाचपडत मला दुकानात घेऊन आले.

"मॅडम, एक काम होतं तुमच्यापाशी."

मी लगेच ताठ झाले. "परीक्षेचं असेल तर बोलू नका."

"परीक्षेचंच हाय. पन ऐकून घ्या. लाच नाई देऊन राह्यलो मी, चावल खाऊ घातले फक्त." त्यांनी आवाज खाली आणला. "नसरीन उद्या मुद्दाम चुकन. मले मालूम हाय. पास झाली तर तिले तिकडं जा लागन, समुंदराकडं. म्हून ती नापास होईन. तुम्ही तिले पास करा."

"असं तिने सांगितलं तुम्हाला?"

"ती कायले सांगन? पोरगी माही हाय. मघाशी मले म्हने, अब्बा, पेपर लई कठीन हाय म्हन्ते. ज्या पोरीनं साऱ्या बॅचले शिकोलं, तिले पेपर कठीन?" ते एका पेटीवर बसले. "सत्तर घरी मी दरवाजे लावले, गेट लावले. आता माह्या हातानं सरळ रेघ जुळत नाई. दुकान आज ना उद्या बंद. ती माह्या डोळ्यांसाठी इथं बसली तर तिचं काय होईन? मी गेल्यावर तिनं काय करावं? म्हून म्हन्तो, काई झालं तरी पास करा."

"हमीदभाई, उद्या ती चुकली तर मी पास करू शकत नाही. हायड्रोजन आहे तो. मुद्दाम चुकली काय नि न कळता चुकली काय, मी सही केली की ती जबाबदारी माझी."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. मग म्हणाले, "मग दुआ करतो का चुकू नये." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "नसरीन, मॅडमले चाय पाज बेटा." त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

परीक्षेच्या दिवशी मी सगळ्यांवर नेहमीसारखी ओरडले. पोरं चांगली होती. एकेक जण काडी घेऊन जात होता, कापूस पेटत होता, झडप बंद होत होती. नेरच्या बाईंचा पुतण्याही त्यात असणार. मी कुणाला विचारलं नाही. पास झालेल्या पोरांच्या चेहऱ्यावर आनंद यायचा आणि क्षणात उतरायचा, कारण पास होणं म्हणजे आता जाणं होतं. एका मुलाने बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि पलीकडून रडण्याचा आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

नसरीनची पाळी शेवटी आली. सगळं बिनचूक. तपासण्या केल्या, नायट्रोजन सोडून नळी धुऊन घेतली, दाब वाचला. मग आगीच्या शोधाला निघायची वेळ आली. पऱ्हाटीची काडी भिंतीशी टेकवलेली होती. तिने ती पाहिली. माझ्याकडेही पाहिलं. आणि रिकाम्या हाताने चालायला लागली.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची पोरं दारात धावत आली. राठोड सरांनी गॅस तोडला. ती थांबली होती, पेटत्या जागेच्या बऱ्याच अलीकडे, आणि मान खाली घालून उभी होती.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आग कुठे आहे हे तुला पक्कं माहीत होतं, म्हणून तू वाचलीस!"

"चूक झाली मॅडम."

"चूक झाली नाही. केलीस. पुन्हा कर. मी दुसरी संधी देते, माझ्या अधिकारात आहे ते. उचल काडी."

तिने उचलली नाही. "घेतली तरी खाली ठेवीन मी."

"अगं, पास हो आणि नाही म्हणून सांग कंपनीला! नापास कशाला व्हायचं?" मला आता रडू यायला लागलं होतं, आणि त्याचा मला राग येत होता.

"पास होऊन नाई गेली तर अब्बा जन्मभर म्हनतीन, माह्यापायी पोरगी अडकली. जेवन सोडतीन. नापास झाली तर दोष माहा. मंग ते मले चार शिव्या देतीन न् झोपून जातीन." ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. "त्यायले सकाळी चहाचा कप सापडत नाई मॅडम. शेजारचे दोन दिवस पाहतीन, चार दिवस पाहतीन. इथं कारखाना आला असता तं..."

मी बरंच काही बोलले. तिचं काम किती चांगलं आहे, तिच्यासारखी पोरगी मी कितीतरी वर्षांत पाहिली नाही, बापाची सोय करता येईल, तिकडे त्यांना घेऊन जाता येईल. तिने सगळं ऐकून घेतलं. वडिलांना तिकडे कंपनीच्या वसतिगृहात ठेवू देत नाहीत, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. दुकानाची वाट त्यांना डोळे मिटून येते, परक्या गावात भिंतही सापडणार नाही, असं म्हणाली. शेवटी मी निकालाचा कागद पुढे ओढला. मी तिच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' लिहिलं. आजवर हा शब्द मी कितीतरी वेळा लिहिला आहे, मन घट्ट करून, कधी कधी चांगलंच झालं असं म्हणून. त्या दिवशी पेन उचलवेना.

निकालाचा कागद केंद्राच्या बोर्डावर दुसऱ्या दिवशी दुपारी लागणार होता. त्या दिवशी सकाळी मी परत निघाले.

दिग्रसचं स्टँड

राठोड सर मला सोडून पोरांच्या कागदपत्रांसाठी लगबगीने परत गेले. पुसदहून येणाऱ्या यवतमाळ गाडीची वाट बघत मी बाकावर बसले होते. तेवढ्यात हमीदभाई आले. कपडे इस्त्रीचे, डोक्यावर टोपी. नसरीनने त्यांना गेटापाशी आणून सोडलं होतं आणि ती माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला दुकानाकडे गेली होती, असं त्यांनी सांगितलं. हाताने बाक चाचपून ते बसले.

"मॅडम, ती काई सांगून नाई राह्यली. म्हन्ते, रिझल्ट बोर्डावर लागन. मले तुम्हीच सांगून द्या. निकली का पोरगी?"

मी आयुष्यात खोटं थोडं बोलले आहे आणि तेही वाईट बोलते. शिवाय दुपारी बोर्डावर लागणारच होतं. "नाही हमीदभाई," मी म्हटलं. "नापास झाली."

"या अल्लाह, तेरा शुक्र है," त्यांच्या तोंडून निघालं.

एका श्वासात, मोठ्याने, अगदी आतून. चेहरा उजळला होता. आणि लगेच त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आपण काय बोललो ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. ज्या माणसाने परवा माझ्यापुढे हात जोडले होते तो आता बाकावर दुमडून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"मी असं कसं बोल्लो मॅडम? पोरीचं नसीब गेलं न् मी शुक्र म्हन्लं. कसा बाप हाय मी?" त्यांनी माझा हात शोधून धरला. "नसरीनले नका सांगू. मी असं बोल्लो, हे तिले कदी नका सांगू."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

नसरीन त्यांच्या मागेच उभी होती. हातात पाण्याची बाटली होती. ती केव्हा आली ते मलाही समजलं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिने सगळं ऐकलं आहे. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. मग आवाज न करता, उलट्या पावलांनी ती पार पानाच्या टपरीपर्यंत मागे गेली, ओढणीने डोळे पुसले आणि तिथून जोरात हाक मारत आली, "अब्बा! चला, मॅडमची गाडी लागली जी!"